बगदादचे दोन दिवस

मुनाजिरा हा शब्द आपल्या घरांना अनोळखी नाही. आजोबांच्या पिढीने मुनाजिरे मैदानात बसून ऐकले, वडिलांच्या पिढीने त्यांच्या कॅसेटी ऐकल्या आणि आजची मुले त्यांचे तुकडे मोबाइलवर पाहतात. तिन्ही पिढ्यांच्या मनातले चित्र मात्र जवळजवळ एकच आहे. एक मंच, दोन पक्ष, समोर उसळलेली गर्दी आणि शेवटी अमुक हरला, तमुक जिंकला असा गलका. त्यामुळे आपला असा समज होऊन बसला आहे की, दोन धर्मांची माणसे धर्मावर बोलू लागली तर त्याचा शेवट हारजितीतच व्हायचा. इतिहास तसे सांगत नाही. त्यातले एक प्रकरण आम्हाला वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

हे प्रकरण ख्रिस्ती धर्माच्या बचावाचे आहे. बचाव करणारा एक ख्रिस्ती धर्मगुरू आहे आणि प्रश्न विचारणारा खुद्द मुसलमानांचा खलीफा आहे. मुस्लिम लेखकांच्या वार्षिकात ख्रिस्ती धर्माच्या बचावाची हकिकत कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही लेखाच्या ओघात देऊ.

खलीफा आणि कॅथोलिकोस

काळ आहे इ.स. 781च्या सुमाराचा. खलीफा मन्सूरने 762 साली बगदादची पायाभरणी केली, त्याला अजून वीस वर्षेही झालेली नव्हती. मन्सूरचा मुलगा महदी तख्तावर होता. त्याने 775 ते 785 अशी दहा वर्षे राज्य केले. अलिफ लैलामुळे घराघरात पोहोचलेला हारून रशीद हा याच महदीचा मुलगा.

या नव्या राजधानीच्या आसपास ख्रिस्ती वस्ती मोठी होती. इराक आणि इराणमधले ख्रिस्ती लोक रोमच्या पोपला मानणारे नव्हते. त्यांची मंडळी वेगळी होती. तिला पूर्वेची मंडळी म्हणतात. जुन्या पुस्तकांत नेस्टोरियन हे नाव आढळते. त्यांची धर्मभाषा सुरयानी आणि त्यांच्या सर्वोच्च धर्मगुरूची पदवी कॅथोलिकोस. या मंडळीचा पसारा आज वाचून आश्चर्य वाटते. चीनमधील शिआन या शहरात 781 साली या मंडळीच्या लोकांनी एक शिलालेख उभारला. तो आजही तेथे आहे. त्यावर ज्या कॅथोलिकोसचे नाव कोरले आहे तो त्यापूर्वीच वारला होता. बगदादची बातमी तेवढ्या दूर अजून पोहोचली नव्हती. आपल्या कोकणपट्टीशीही या मंडळीचा धागा जुळतो. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने कल्लियाना या बंदरात इराणहून नेमून आलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बरेच अभ्यासक मानतात.

शिआनच्या शिलालेखावरच्या त्या मृत कॅथोलिकोसच्या जागी 780 साली जो बसला त्याचे नाव तिमथी. तो 823पर्यंत, म्हणजे सुमारे त्रेचाळीस वर्षे त्या पदावर होता आणि या काळात त्याने महदी, हादी, हारून, अमीन व मामून असे पाच खलीफा पाहिले. माणूस विद्वान होता, तसाच हिकमतीही होता. निवडणुकीच्या वेळी मतदारांना त्याने जड थैल्या दाखवून सोन्याची आशा लावली आणि निवडून आल्यावर थैल्या उघडल्या तर आत दगड निघाले, अशी गोष्ट नंतरचे ख्रिस्ती इतिहासकारच सांगतात. म्हणजे आपण ज्याच्याविषयी बोलत आहोत तो कोणी भाबडा संत नव्हता. दरबार कसा चालतो हे त्याला पुरते ठाऊक होते.

तिमथीच्या सुमारे दोनशे पत्रांपैकी 59 पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतल्या एका लांबलचक पत्रात त्याने खलीफा महदीशी दोन दिवस झालेल्या संभाषणाची हकिकत आपल्या एका परिचित धर्मबंधूला कळवली आहे. इराकमध्येच जन्मलेल्या आल्फोन्स मिंगाना या सुरयानी पंडिताने 1928 साली ती इंग्रजीत आणली आणि त्यानंतर जगभरच्या अभ्यासकांचे तिच्याकडे लक्ष गेले.

पहिला दिवस

वादासाठी मंडप घातलेला नव्हता. तिमथी नेहमीप्रमाणे सलामीला गेला आणि ईश्वराच्या थोरवीवर चार शब्द बोलला. त्यावर खलीफाने अचानक विषय काढला. तुझ्यासारख्या जाणत्या माणसाने ईश्वराने स्त्री केली व तिच्यापासून त्याला मुलगा झाला असे म्हणावे, हे शोभत नाही, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता.

येथे आपण क्षणभर थांबू. समोर साम्राज्याचा मालक बसलेला. त्याचा एक इशारा पुरे, माणसाचे डोके धडावर राहणार नाही. आणि तिमथी कोण? जिझिया भरणाऱ्या जिम्मी समाजाचा पुढारी. त्याच्या एका चुकीच्या शब्दाची किंमत हजारो कुटुंबांना मोजावी लागली असती. अशा वेळी माणूस साधारणतः दोनच गोष्टी करतो. एक तर मान खाली घालून हो ला हो म्हणतो, नाही तर चिडतो. तिमथीने दोन्ही केले नाही. त्याने आधी खलीफाचे म्हणणे मान्य केले. ईश्वराला पत्नी आहे असे जो म्हणेल तो ईश्वराची निंदाच करतो, असे तो म्हणाला. आम्ही जे मानतो ते हे नव्हेच, आणि जे मानतो ते असे, म्हणून त्याने आपली बाजू मांडायला सुरुवात केली. सूर्यापासून प्रकाश निघतो, मनातून शब्द निघतो. त्यात शरीराचा संबंध कोठे येतो? हजरत ईसा (अलै.) यांना आम्ही पुत्र म्हणतो ते या अर्थाने, असे त्याचे सांगणे.

खलीफाही कच्चा नव्हता. जो काळाच्या बाहेर आहे तो काळात जन्मतो कसा, हे त्याने विचारले. एकच व्यक्ती अनादी आणि मरियमच्या पोटी जन्मलेली असेल तर तुमचे मसीह दोन झाले, हाही पेच टाकला. तिमथीने खलीफाच्याच कचेरीतला दाखला दिला. अमीरुल मोमिनीनचा शब्द आधी मनात असतो, मग फर्मानाच्या कागदावर उतरतो. तेवढ्याने शब्द दोन होत नाहीत. ईश्वर, त्याचा शब्द व त्याचा आत्मा हे तीन असून एक कसे, यावर सूर्य, त्याचा उजेड आणि त्याची ऊब, तसेच सफरचंद, त्याचा वास आणि त्याची चव असे दाखले आले. ईश्वर कुरआनमध्ये स्वतःसाठी ‘आम्ही’ हे रूप वापरतो, त्यातही या अनेकत्वाची खूण आहे, असा मुद्दा तिमथीने काढला. त्यावर खलीफाने उत्तर दिले की, थोरपणा दाखवण्यासाठी असे बोलायची रीत आहे, राजेही असेच बोलतात. (शिक्षकही बोलतात, हे आमचा लेख वाचणाऱ्यांच्या लक्षात आले असेलच.)

हे दाखले आपल्याला पटतात का? आम्हाला पटत नाहीत, हे स्पष्ट सांगितलेले बरे. आमचे ईमान तौहीदवर आहे आणि सफरचंदाच्या वासाने ते हलणारे नाही. खलीफालाही ते पटले नाहीत. परंतु दाखला पटणे निराळे आणि समोरचा काय मानतो हे नीट कळणे निराळे. संभाषण सुरू होण्यापूर्वी खलीफाच्या मनात ख्रिस्ती श्रद्धेचे जे चित्र होते त्यात ईश्वराची पत्नी होती. संभाषणानंतर ती राहिली नाही. मतभेद राहिला, पण आता तो खऱ्याखुऱ्या गोष्टीवर राहिला. आमच्या मते एवढे झाले तरी संभाषण फुकट गेले असे म्हणता येत नाही.

पुढचे प्रश्न आणखी घरगुती होते. तुमचे मसीह खतना झालेले होते, मग तुम्ही खतना का करीत नाही? ते बैतुल मुकद्दसकडे तोंड करून इबादत करीत, तुम्ही पूर्वेकडे का वळता? सलीबचा एवढा मान का? वाचकांनी या प्रश्नांचा सूर ओळखला असेल. शेजारी माणूस कुतूहलाने विचारतो तसेच हे प्रश्न आहेत. तुम्ही हे का खाता, ते का खात नाही, असे का बसता, तसे का झाकता. बाराशे वर्षांत फारसे काही बदललेले नाही.

दुसऱ्याचा ग्रंथ वाचलेला माणूस

सलीबच्या प्रश्नावर तर सरळ टक्कर होती. हजरत ईसांना यहुद्यांनी मारले नाही व सुळावरही चढवले नाही, हे सूरह निसामध्ये स्पष्ट आहे आणि खलीफाने तेच पुढे केले. तिमथीने उत्तर दिले तेही कुरआनमधूनच. सूरह मरियममध्ये पाळण्यातले ईसा (अलै.) आपल्या जन्माच्या, मृत्यूच्या आणि पुन्हा उठवले जाण्याच्या दिवसाचा उल्लेख करतात, सूरह आले इम्रानमध्येही त्यांच्याविषयीचा ईश्वराचा शब्द आहे. मग मृत्यू झालाच नाही असे कसे म्हणावे, असा त्याचा सवाल होता. आपले मुफस्सिर या आयतींचा उलगडा वेगळा करतात, हे सर्वांना माहीत आहे. आम्हाला येथे लक्ष वेधायचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीकडे. एका ख्रिस्ती धर्मगुरूला कुरआनच्या कोणत्या सूरहमध्ये काय आहे हे तोंडपाठ होते. ज्यांच्या राज्यात राहायचे, ज्यांच्या शेजारी राहायचे, त्यांचा ग्रंथ त्याने मन लावून वाचला होता.

त्याच ओघात तहरीफचा, म्हणजे तौरात आणि इंजीलमध्ये फेरफार झाल्याचा प्रश्न आला. तिमथीचा युक्तिवाद साधा होता. यहुदी आणि ख्रिस्ती एकमेकांचे विरोधक. दोघांच्या हातात तौरात मात्र एकच. विरोधक मिळून फेरफार कसा करतील? आणि आम्ही फेरफार केलाच असता तर ज्यामुळे लोक आम्हाला हसतात तो सलीबचा प्रसंग आधी काढून टाकला असता. यापुढचे त्याचे बोलणे फार धीट आहे. इंजीलमध्ये तुमच्या पैगंबरांविषयी भविष्य सापडले असते तर तौरातकडून आम्ही इंजीलकडे आलो तसे इंजीलकडून कुरआनकडे आलो असतो, असे त्याने सांगितले. नाही म्हणण्याची ही रीत पाहण्यासारखी आहे. नकार ठाम आहे, पण त्यात कोणाचा अवमान नाही.

दुसरा दिवस

दुसऱ्या भेटीत खलीफाने तो प्रश्न विचारला ज्याची तिमथीला धास्ती असणारच. मुहम्मद (स.) यांच्याविषयी तुझे काय म्हणणे आहे?

जिम्मी माणसासाठी याहून कठीण प्रश्न नाही. नबी म्हणावे तर आपला धर्म सोडल्यासारखे होते. वाईट म्हणावे तर जीव जातो, आणि तिमथीच्या पत्रावरून दिसते की वाईट म्हणण्याची त्याची इच्छाही नव्हती. त्याने उत्तर दिले की सर्व समजूतदार माणसांनी त्यांची स्तुती करावी असे ते आहेत, कारण ते नबींच्या वाटेने चालले. मग त्याने कारणे दिली. नबींनी लोकांना एका ईश्वराकडे बोलावले, त्यांनीही बोलावले. नबींनी लोकांना वाईट कर्मापासून परावृत्त केले व सत्कर्माकडे वळवले, त्यांनीही तेच केले. नबींनी मूर्तिपूजा आणि शिर्क यांच्यापासून लोकांना दूर केले, त्यांनीही केले.

खलीफाने लगेच पकडले. असे असेल तर त्यांचे म्हणणे तू स्वीकारायला हवेस. कोणते म्हणणे, असे तिमथीने विचारले. ईश्वर एकच आहे, हे. तिमथी म्हणाला की, हे तर मी तौरात, नबींचे ग्रंथ आणि इंजील यांतूनच शिकलो आहे आणि याच श्रद्धेवर मरणार आहे. खलीफा म्हणाला, पण तू एकाला तीन करतोस. आणि गाडी पुन्हा पहिल्या दिवसाच्या मुद्द्यावर आली.

तिमथीचे हे उत्तर म्हणजे दरबारी चतुराई, असे काही अभ्यासकांना वाटते. चतुराई त्यात आहेच. ‘नबी होते’ आणि ‘नबींच्या वाटेने चालले’ या दोन वाक्यांमधले अंतर तो जाणून होता आणि त्याने ते ओलांडले नाही. परंतु केवळ चतुराई असती तर गोड बोलून तो निसटला असता. त्याने पैगंबरांच्या कार्यातले जे आपल्या श्रद्धेशी जुळते ते मोकळेपणाने मान्य केले आणि जे जुळत नाही तेथे थांबला. मान्य केले त्यात लाचारी नव्हती आणि थांबला त्यात उर्मटपणा नव्हता. याला आम्ही प्रामाणिकपणा म्हणू.

संभाषण संपता संपता तिमथीने एक दृष्टांत सांगितला. रात्रीची वेळ आहे, घरात काळोख आहे आणि एक मोती खाली पडला आहे. सगळे जण चाचपडतात. एकाच्या हाती मोती लागतो, दुसऱ्याच्या हाती काच, कोणाच्या हाती खडा, कोणाच्या हाती माती. प्रत्येकाला वाटते की मोती आपल्याच मुठीत आहे. दिवस उजाडला की मग कळते. हे जग म्हणजे ते काळोखे घर. यावर खलीफा म्हणाला की, म्हणजे मोती कोणाजवळ आहे हे या जगात कळायचे नाही. तिमथीने तेही पूर्ण मान्य केले नाही. सत्कर्मांवरून आणि ईश्वराने दाखवलेल्या चमत्कारांवरून या जगातही थोडीबहुत चमक दिसते, असे तो म्हणाला. मोती आपल्याच धर्माजवळ आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. आपल्या मुठीत मोती आहे याची खात्री असलेली दोन माणसे एका काळोख्या घरात शेजारी शेजारी बसून बोलू शकतात, एवढेच त्याने दाखवून दिले.

खलीफाने काय केले

येथवर आपण बचाव करणाऱ्याकडे पाहिले. आता प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहू, कारण तो आपला आहे.

कुरआनच्या स्पष्ट शब्दाविरुद्ध एक ख्रिस्ती माणूस भर दरबारात बोलला आणि तो घरी सुखरूप गेला. त्यानंतर तो चाळीसहून अधिक वर्षे जगला आणि आपल्या पदावर असतानाच वारला. एवढेच नव्हे तर याच सुमारास खलीफाने त्याच्यावर एक काम सोपवले. ॲरिस्टॉटलचे ‘टॉपिक्स’ हे पुस्तक अरबीत आणायचे. हे पुस्तक कशाविषयी आहे? वाद कसा करावा, प्रश्न कसा विचारावा आणि उत्तर कसे द्यावे याविषयी. मोसलच्या सुभेदाराचा ख्रिस्ती चिटणीस अबू नूह याच्या मदतीने तिमथीने ते सुरयानीतून अरबीत आणले. त्यासाठी लागणाऱ्या टीका दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या मार मत्तै मठात होत्या. तेथे चौकशी करताना आपले नाव पुढे येऊ देऊ नकोस, नाही तर ते पुस्तके लपवून ठेवतील, अशा अर्थाची सूचना तिमथीने आपल्या मित्राला पत्रातून दिलेली आहे. मुसलमान खलीफाशी मोकळे बोलता येते, पण आपल्याच धर्माच्या दुसऱ्या पंथाकडून पुस्तक मिळवताना लपूनछपून वागावे लागते. हा अनुभवही आपल्याला अगदीच परका नसावा.

वाद जिंकण्यासाठी तलवार हाताशी असलेल्या माणसाने वादशास्त्राचे पुस्तक मागवले, ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते. सूरह अन्कबूतमध्ये अहले किताबशी बोलताना उत्तम रीत सोडू नये अशी शिकवण आहे. ती येथे काही अंशी तरी अमलात आलेली दिसते.

काही अंशी असे आम्ही मुद्दाम म्हणतो. हाच महदी जिंदीक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांवर तुटून पडला होता. मानीपंथी आणि तसा नुसता संशय असलेले लोकही मारले गेले. त्यांना हुडकून काढण्यासाठी त्याने स्वतंत्र अधिकारी नेमला होता. अलेप्पोजवळच्या तनूख या ख्रिस्ती अरब टोळीवर इस्लाम कबूल करण्याची सक्ती त्याच्याच कारकिर्दीत झाली, असे सुरयानी इतिहासकार नोंदवतात. म्हणजे दोन दिवस अदबीने बोलणारा खलीफा इतर दिवशी तसाच होता असे नाही. शिवाय ही सारी हकिकत तिमथीनेच लिहिली आहे. खलीफाच्या दरबारातल्या कोणी लिहिली असती तर खलीफाचे प्रश्न लांब आणि तिमथीची उत्तरे आखूड झाली असती. इतिहास शिकवताना चांगले प्रसंग सांगायचे आणि वाईट प्रसंगांचे पान चिकटवून टाकायचे, ही रीत बरी नव्हे. सुवर्णयुग म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो त्यात हे दोन दिवस होते आणि जिंदीकांचे वधही होते. दोन्ही ठेवूनच आपल्याला त्याकडे पाहिले पाहिजे.

आग्र्याचे दोन दिवस

बगदादनंतर हजारभर वर्षांनी असेच दोन दिवस आपल्या देशात आले. तारीख 10 आणि 11 एप्रिल 1854, गाव आग्रा. एका बाजूला जर्मन पादरी कार्ल फांडर. त्याचे ‘मीजानुल हक’ हे पुस्तक गाजत होते. दुसऱ्या बाजूला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि त्यांच्या मदतीला डॉक्टर वजीर खान. विषय पाच ठरले होते, त्यांपैकी नस्ख आणि तहरीफ या पहिल्या दोनच विषयांवर बोलणे झाले. बायबलच्या मजकुराविषयी युरोपातल्या पंडितांनीच काय लिहून ठेवले आहे ते वजीर खान यांनी मिळवून वाचले होते. काही ठिकाणी पाठभेद आहेत हे फांडरला मान्य करावे लागले. मूळ शिकवणीला मात्र त्यामुळे बाध येत नाही, असे तो म्हणत राहिला. तेथेच वाद थांबला.

आता बगदादशी ताडून पाहा. येथेही ख्रिस्ती माणूस आपल्या धर्माचा बचाव करीत होता, पण राज्य त्याच्या धर्मबांधवांचे होते. ऐकणाऱ्यांत कंपनी सरकारचे गोरे अधिकारी होते. मुसलमानांचा पक्ष वरचढ ठरला असे मुसलमानांनी मानले आणि तशा पुस्तिका निघाल्या. परंतु मंचावरच्या जितीने काय साधले? तीन वर्षांनी 1857चा उठाव झाला. मौलाना रहमतुल्लाह बंडखोर ठरले, त्यांची मालमत्ता सरकारने लिलावात काढली आणि ते मक्केला निघून गेले. वजीर खान यांनाही तीच वाट धरावी लागली. मौलानांनी मक्केत सौलतिया मदरसा काढला आणि 1864 साली ‘इजहारुल हक’ हा ग्रंथ लिहिला. बगदादचा वाद पुस्तकाच्या तर्जुम्याशी जाऊन भिडतो. आग्र्याच्या वादानंतर वाद करणाऱ्यालाच देश सोडावा लागतो. दोन्हीकडे प्रश्न तेच होते, ग्रंथ तेच होते. राज्य कोणाच्या हाती आहे आणि ते त्याचा वापर कसा करतात, एवढाच फरक होता.

आपली जागा

लेखाच्या सुरुवातीला सोडलेल्या प्रश्नाकडे आता वळतो. तिमथीची हकिकत आपल्यासाठी का?

बगदादमध्ये आपले लोक प्रश्न विचारणाऱ्याच्या जागी होते. आज आपण बहुतेक वेळा तिमथीच्या जागी आहोत. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दहावी झाली की आमची मुले-मुली मराठी किंवा इंग्रजी कॉलेजात जातात आणि पहिल्या महिन्यातच त्यांच्यावर प्रश्न येऊन पडतात. तुमच्यात तलाक असा का? तुम्ही दिवसातून पाच वेळा कोणाला हाका मारता? हिजाब का? जिहाद म्हणजे काय? विचारणाऱ्यांत टोचण्यासाठी विचारणारे असतात, तसेच खरोखर जाणून घ्यावे म्हणून विचारणारेही असतात. सुट्टीत भेटायला आलेली ही मुले सांगतात त्यावरून दिसते की त्यांपैकी निम्मी गप्प बसतात आणि उरलेली भांडतात. उत्तर देणारी थोडी. यात मुलांचा दोष कमी आहे. आपण त्यांना ईमान दिले, नमाज शिकवली, उर्दू शिकवली. पण जो आपल्यासारखे मानत नाही त्याच्याशी कसे बोलावे हे शिकवले नाही.

ख्रिस्ती लोक श्रद्धेच्या बचावाच्या शास्त्राला ग्रीकमधला ‘अपोलोगिया’ हा शब्द वापरतात. इंग्रजीतला माफीचा शब्द त्यावरूनच आला, मूळ अर्थ मात्र माफी असा नाही. न्यायासनापुढे उभे राहून आपली बाजू मांडणे, हा मूळ अर्थ. विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण ते सौम्यपणे व आदराने द्या, असा उपदेश इंजीलच्या भागात येणाऱ्या पीटरच्या पत्रात आहे. आपल्याकडच्या इल्मे कलामचा एक हेतू हाच होता. म्हणजे दोन्ही घरांत ही विद्या आहे. आपण तिची आठवण ठेवली नाही एवढेच. मुलाला प्रश्न विचारला गेला म्हणजे त्याच्यावर हल्ला झाला असे नव्हे, आणि उत्तर देणे म्हणजे माफी मागणेही नव्हे, हे त्याला घरी आणि वर्गात सांगायला हवे.

त्यासाठी आधी मराठी यायला हवी, आणि पोट भरण्यापुरती नव्हे, मनातले सांगण्यापुरती. तिमथीची धर्मभाषा सुरयानी होती, पण खलीफाशी सुरयानीत बोलून भागणार नव्हते. दुसरे, शेजाऱ्याचे ग्रंथ आणि संत आपल्याला माहीत हवेत. ज्ञानोबा-तुकोबांविषयी दोन वाक्ये न सांगता येणारा विद्यार्थी शेजाऱ्याला आपल्या पैगंबरांविषयी काय सांगणार? आणि जे चांगले दिसते ते चांगले म्हणण्याचा मोठेपणा हवा. शेजाऱ्याच्या धर्मातले सत्य मान्य केल्याने आपले ईमान कमी होत नाही. तिमथीचे झाले नाही. जेथे पटत नाही तेथे आवाज न चढवता ‘हे आम्ही मानत नाही’ असे म्हणता आले पाहिजे.

मात्र सगळा भार उत्तर देणाऱ्यावर टाकणेही अन्यायाचे होईल. तिमथी नीट बोलू शकला कारण खलीफाने त्याचे बोलणे संपेपर्यंत ऐकले. ज्याचा जोर अधिक त्याची जबाबदारीही अधिक, हे बगदादला जितके खरे होते तितकेच महाराष्ट्रात आहे. आणि जेथे आपला जोर अधिक आहे तेथे आपल्यालाही ते लागू आहे. आपल्या मोहल्ल्यात एखादेच ख्रिस्ती किंवा हिंदू घर असते, आपल्याच जमातीत वेगळ्या मसलकचा एखादा माणूस असतो, प्रश्न विचारणारी मुलगी असते. त्यांच्यापुढे खलीफाच्या जागी आपण असतो. तेथे आपण त्यांचे बोलणे संपेपर्यंत ऐकतो का, की मार मत्तै मठाप्रमाणे पुस्तके लपवून ठेवतो? आमच्या मुलांना कॉलेजात कोणी नीट ऐकून घ्यावे, असे आपल्याला वाटत असेल तर या प्रश्नाचे उत्तर आधी आपल्या मोहल्ल्यात दिले पाहिजे.